आठ की पंधरा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्या दिवशी मी सकाळपासून गप्प होते, तेव्हा तरी यांना संशय यायला हवा होता. नाही आला. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला बायकोचं बोलणं कळत नाही, हे एक वेळ मी समजू शकते. पण गप्प बसणंही कळू नये म्हणजे कमालच झाली.

आम्ही नवीन होडी बघायला निघालो होतो. म्हणजे हे निघाले होते, मी मागून फरफटत चालले होते.

मागच्या वर्षी तलावात जाळं ओढताना यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि होडीत हे एकटेच. दुपारी बाराला येणारा माणूस, संध्याकाळचे पाच वाजले तरी पत्ता नाही. मी काठावर उभी. शेवटी दुसऱ्या होडीवाल्यांनी दोरी बांधून यांना ओढत आणलं, तेव्हा हे होडीच्या तळाशी मासळीच्या बाजूला आडवे पडले होते. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही. ते डोळे मी आजही विसरलेले नाही.

त्यानंतर दहा महिने चेंडू दाबणं झालं, भिंतीवर बोटं चढवणं झालं, शर्टाची बटणं लावणं आणि पुन्हा काढणं झालं. डॉक्टर म्हणाले, "हात छान सुधारलाय. कामाला जाऊ द्या आता, घरात बसवलंत तर माणूस खचेल." डॉक्टरांचं काय जातंय? काठावर डॉक्टरांना थोडंच उभं राहायचं होतं!

तेवढ्यात आमच्या लाकडी होडीच्या दोन फळ्या सडल्या. मला मनातून बरंच वाटलं. पण यांनी लगेच अॅल्युमिनियमच्या होडीचा ध्यास घेतला. हलकी असते, डांबर नको, फळ्या बदलायला नकोत, एकट्याला काठावर ओढता येते. हे 'एकट्याला' इतक्यांदा ऐकलं की माझे कान किटले.

दुकान म्हणजे पत्र्याची मोठी शेड. होड्या लाकडी घोड्यांवर पालथ्या मांडलेल्या, जमिनीवर तेलाचे डाग, सगळीकडे पेट्रोलचा वास. मेकॅनिक तिशीचा असेल, कानावर पेन्सिल, बोलायला गोड. यांनी त्याला "नमस्कार" सुद्धा नीट केला नाही, थेट चौदा फुटी होडीपाशी गेले आणि एकेक रिव्हेट बोटाने चाचपायला लागले. मुलीसाठी स्थळ बघताना इतकी चौकशी केली नव्हती यांनी.

"काका, मोटर कितीची बघायची?" मेकॅनिकने विचारलं. मोटर बसते त्या मागच्या फळीवर पत्र्याची छोटी पट्टी होती, तिच्यावर त्याने बोट ठेवलं. "ही होडी वीस हॉर्सपॉवरपर्यंत घेते. पंधराची दणकट पडेल. आठचीही चालेल, पण ती जरा हळू."

"पंधराची दाखव," हे म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

दोन्ही मोटरी शेजारी शेजारी स्टँडवर लावलेल्या होत्या, खाली पाण्याने भरलेली पिंपं. हे अजून होडीखाली वाकलेले होते. मी आपली पंधराच्या मोटरीपाशी उभी राहिले. पुढे एक लाल रंगाची, टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळी लोंबत होती.

"हे काय आहे हो?"

"ती सुरक्षेची दोरी, काकू. एक टोक मनगटात अडकवायचं, दुसऱ्या टोकाची क्लिप इथे मोटरीला. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, मोटर बंद. आणि क्लिप लावलेली नसेल तर मोटर चालूच होत नाही."

आमच्या जुन्या मोटरीला असलं काही नव्हतं. हे वीस वर्षं तिच्यावर हात मारून तिला बंद करत आले होते. यांना या क्लिपची गंधवार्ता नव्हती.

मेकॅनिकचा फोन वाजला. "काका, चालू करून बघा, मी आलोच," म्हणत तो बाहेर गेला. आणि मी, देवाशप्पथ, विचार न करता ती क्लिप ओढली आणि लाल दोरीसकट पर्समध्ये टाकली.

माझा हिशोब साधा होता. मोटर चालू होणार नाही, हे चार शिव्या घालतील, दुकान भंगार आहे म्हणतील, आम्ही घरी जाऊ. मग पुढचं पुढे.

हे आले. पेट्रोलचा नळ बघितला, चोक बघितला, गियर न्यूट्रलला आहे ना ते बघितलं. सगळं बघितलं, जे बघायला हवं होतं ते सोडून. मग पाय रोवून चालू करायची दोरी ओढली. मोटर खोकली, थांबली. पुन्हा ओढली. पुन्हा. पाचव्यांदा ओढताना कपाळावर घाम आला. सातव्यांदा डाव्या हाताने ओढली. मग दोरी सोडून दिली आणि आपल्या उजव्या पंजाकडे बघत बसले.

शिवी घाला ना, मी मनात म्हणत होते. नेहमी तर घालता.

"हात नाही राहिला गं," हे म्हणाले. इतक्या हळू, की मला आधी कळलंच नाही. "मला वाटलं होतं राहिलाय."

मोटरीला नावं ठेवली नाहीत. दुकानाला नाही. स्वतःच्या हाताला ठेवली.

मेकॅनिक परत आला तेव्हा हे एका उलट्या क्रेटवर बसले होते. "मोटर राहू दे," त्याला म्हणाले. "एखादी लहान वल्ह्याची होडी असली तर दाखव. नाहीतर तीही राहू दे. उगाच तुझा वेळ घेतला."

मी जिंकले होते, बरं का. गप्प बसले असते तर हा माणूस जन्मभर घरी राहिला असता, माझ्या डोळ्यांसमोर, खुर्चीत. मला हेच तर हवं होतं. पण तो समोर क्रेटवर बसलेला माणूस मला नको होता. तो बघवेना.

मी पर्स उघडली. आधी किल्ल्या पडल्या, मग रुमाल, मग ती लाल दोरी.

"मी काढली," मी म्हटलं. "हिच्याशिवाय ती चालू होत नाही. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

मेकॅनिक बिचारा! त्याने पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली.

हे उठले. क्लिप उचलली, मेकॅनिकने दाखवली तिथे लावली, गुंडाळी मनगटात अडकवली. पहिल्या ओढीला मोटर गुरगुरली. दुसऱ्या ओढीला जी सुरू झाली, ती पिंपातलं पाणी माझ्या साडीवर उडवत सुरू झाली. उजव्या हाताने ओढली होती. यांनी ती मिनिटभर तशीच चालू ठेवली, कान देऊन ऐकली आणि मग बंद केली.

"इतकी घाबरलीस?" मला म्हणाले.

"हो."

"मग सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

हे विचारात पडले. "नसतं," म्हणाले. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

मग मेकॅनिककडे वळून म्हणाले, "आठची दे."

"काका, पंधराची तर मस्त चालू केलीत!"

"आठ पुरे. लांब जायचंच नाही मला. तलावातल्या बेटाच्या अलीकडे जाळं टाकीन, हिला काठावरून दिसत राहीन."

मला हुंदकाच फुटला. खरं सांगते, त्या क्षणी मी हो म्हणणार होते. बेटाच्या अलीकडे मासळी नाही, हे मला माहीत होतं. यांना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी रोज तिथे जाऊन रिकामं जाळं ओढत बसले असते, माझ्यासाठी.

"आठवर," मी नाक पुसत मेकॅनिकला विचारलं, "होडी भरलेली असली आणि समोरून वारा सुटला, तर?"

त्याने यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरं सांगू काकू? जोराचा वारा असला तर आठची जागच्या जागी घुरघुरत राहील. पंधराची घरी आणेल."

"मग पंधराच द्या."

"अगं, पण—"

"तुम्ही गप्प बसा. वाऱ्यात अडकलात तर मी काय काठावरून फुंकर घालू?"

मेकॅनिकने हसू लपवायला तोंड फिरवलं. हे मात्र हसले नाहीत. माझ्याजवळ आले, अगदी जवळ.

"म्हणजे जाऊ देतेस?"

"जा. जिथे मासळी असेल तिथे जा," मी म्हटलं. "पण परत या."

यांनी माझं मनगट धरलं, उजव्या हाताने. दहा महिन्यांत पहिल्यांदा इतकं घट्ट. चांगलंच दुखत होतं, पण मी सोडा म्हटलं नाही.