न लागणारा दिवा

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर मास्तरांच्या तोंडी एकच शब्द शिल्लक राहिला, "नको." भूक लागली तरी नको, झोप आली तरी नको, लेक समोर दिसून बरं वाटलं तरी नको. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. लिहिणंही तसंच गेलंय. लेकीचा विश्वास बसेना. तिने पाटी आणली. मास्तरांनी डाव्या हातात पेन्सिल धरून अर्धा तास घाम गाळला आणि पाटीवर नुसता गुंता उमटला. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

हे मास्तर म्हणजे पस्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. दोन गल्ल्यांपलीकडे त्यांचं दुकान होतं. इतरांनी हात टेकलेल्या गाड्या तिथे यायच्या. आता ते लेकीकडे राहत होते आणि आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात जात होते, स्वतःच्याच तेवीस वर्षं जुन्या डिझेल गाडीतून. चालवायची लेक. मास्तर शेजारी बसायचे.

एका सोमवारी दवाखान्याच्या आवारात गाडी सुरूच होईना. लेकीने सेल्फ मारला, तर नुसतं टक्-टक्. वॉचमन आणि दोन अनोळखी माणसांनी धक्का दिला. मास्तर आत बसूनच होते. आयुष्यभर बंद पडलेल्या गाड्या चालत्या केल्या आणि आज आपणच गाडीतलं वजन झालो, या विचाराने त्यांनी मान खाली घातली ती घर येईपर्यंत वर केली नाही.

जावयाने दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणून बसवली. माणूस मनाने सोन्यासारखा, पण गाडीतलं त्याला पेट्रोल आणि डिझेल यांच्या वासापलीकडे काही कळत नव्हतं. चार दिवसांत नवी बॅटरीही उतरली.

मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. काटा बाराच्या जरासा पुढे. चौदाच्या आसपास हवा होता.

"चार्जिंगच होत नाही. डायनॅमो गेला," गॅरेजवाला म्हणाला.

डायनॅमो काढून त्याने टेबलावर फिरवून पाहिला, तर ठणठणीत. परत बसवला, तर पुन्हा बारा. पट्टा बदलला, तारा घासल्या, अर्थिंग नवीन टाकलं. मोठ्या रस्त्यावर दामटली, की मधूनच काटा चौदावर जायचा. एकदा बंद करून पुन्हा सुरू केली, की परत बारा.

"टेबलावर गुणी बाळ आणि गाडीत बसवला की रुसतो," गॅरेजवाला डोकं खाजवत म्हणाला. "मास्तर, तुमची गाडी आहे, तुम्हीच समजवा तिला!"

तो गमतीने म्हणाला. पण मास्तरांना दोष पहिल्याच दिवशी कळला होता. चावी फिरवली, की डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झालं, की विझायला हवा. त्या दिव्यातून जो चिमूटभर करंट जातो, त्यानेच या जुन्या गाडीचा डायनॅमो जागा होतो. दिवाच उडाला, तर डायनॅमो नवाकोरा असला तरी झोपलेलाच. टेबलावर गॅरेजवाल्याचा स्वतःचा दिवा जोडलेला असायचा, म्हणून तिथे तो चालायचा; मोठ्या रस्त्यावर इंजिन जोरात फिरलं, की कधीकधी दिव्याशिवायही जागा व्हायचा. सोमवारपासून हा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. नखाएवढा बल्ब. दुकानात असते तर मास्तरांनी बोलता बोलता बदलला असता.

"नको," मास्तर म्हणाले आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

"डायनॅमो परत काढायला नको म्हणतायत," जावई म्हणाला.

"नको! नको!"

"बरं बाबा, नाही काढत. शांत व्हा."

पुढच्या बुधवारी दवाखान्याला निघताना लेकीने चावी फिरवली मात्र, मास्तरांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. सेल्फ मारू दिला नाही. तिचं बोट धरून त्यांनी डॅशबोर्डवर नेलं आणि बरोबर त्या जागी टेकवलं. ऑइलचा दिवा लागला होता, हँडब्रेकचा लागला होता. मधली एक जागा काळी होती.

लेक वाकून नीट बघत राहिली. काचेवरची धूळ तिने ओढणीने पुसली.

"इथे तर काहीच नाही बाबा," ती म्हणाली.

अगदी बरोबर बोलली होती! मास्तरांनी जोरजोरात मान डोलावली, तिचं बोट पुन्हा पुन्हा तिथेच दाबलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आता कळेल, या क्षणी कळेल.

"डॉक्टर म्हणालेच होते, उगाचच रडू येईल म्हणून," लेकीने त्यांचे डोळे पुसले. "होईल सगळं नीट." आणि तिने सेल्फ मारला. टक्-टक्.

महिन्याभराने गाडी विकून टाकली. घेणाऱ्याला दोष स्पष्ट सांगून दिली. आता दवाखान्यात भाड्याच्या गाडीने जायचं ठरलं. माणूस गाडी न्यायला आला, तेव्हा मास्तर खिडकीत होते. त्यांनी काचेवर थापा मारल्या. खालून लेकीने हात हलवला.

दहा दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. "ताई, सांगितलं नाही तर मलाच चैन पडणार नाही. दोष सापडला. डॅशबोर्डमधला बॅटरीचा बल्ब उडालेला, बाकी काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला बघा!"

लेकीने फोन ठेवला. मग वडिलांसमोर खाली बसली.

"बाबा, दिवा लागत नव्हता. तेच सांगत होतात ना?"

मास्तरांनी मान डोलावली.

"आणि मी म्हटलं, उगाच रडताय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दिवसापासून लेकीचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मध्यंतरी त्यांनी ताट बाजूला सारलं होतं, ते का? शेजारीण भेटायला आली, तेव्हा सारखे दाराकडे का बघत होते? आपण किती गोष्टी अशाच पुसून टाकल्या असतील? तिने ठरवलं, यापुढे समजल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

रविवारी सकाळी मास्तरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "नको... नको?" शेवटी सूर वर चढला, म्हणजे काहीतरी विचारत होते.

"बाहेर जायचंय? खिडकी उघडू? कुणी आलंय? ऊन लागतंय?" लेकीने पडदा ओढला, पुन्हा सरकवला. चष्मा आणला, रेडिओ आणला, शाल आणली. जावयाला उठवलं, त्यानेही तीन-चार गोष्टी सुचवून पाहिल्या. तास उलटला. ती हटेना.

मास्तरांना एवढंच विचारायचं होतं, की गाडी घेणारा माणूस कसा होता, गाडी नीट ठेवेल का. घरातली कुठली वस्तू आणून हा प्रश्न तिला कसा सापडणार?

लेकीच्या कपाळावर घाम आला होता. आता ती पाण्याचा पेला घेऊन उभी होती. "बाबा, पाणी? पाणी हवंय का?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि हात पुढे केला.

"अगं बाई, पाणी!" ती मटकन खाली बसली, हसू लागली. "एवढंच ना? एवढंच होतं ना?"

तहान नव्हती. तरी मास्तरांनी पेला तोंडाला लावला आणि एकेक घोट करत सगळं पाणी संपवलं.