काकवीच्या खळीची चिकटवही

मी चिकटवही बोलतेय. दुकानात नव्या कागदात गुंडाळून मिळते ती नव्हे. मी जुनी. माझी शिवण उसवली आहे, पानांना मुंग्यांनी भोकं पाडली आहेत आणि निम्म्या पानांवरची चित्रं जाऊन तिथं राखाडी चट्टे उरले आहेत. मला बघून माणसं नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. मुरडू देत. मी काही कुणाला दाखवायला बसलेली नाही.

तरी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात एक माणूस रोज दुपारी मला मांडीवर घेतो. माझ्यातल्या चित्रांशी त्याला काही देणंघेणं नाही. बैलगाडी, विमान, पपई, यांचं तो काय करणार? चित्रांच्या कोपऱ्यांवर त्याच्या बायकोच्या अंगठ्याचे ठसे आहेत. तिचं म्हणून या घरात एवढंच राहिलं होतं. त्यातलेही निम्मे गेले. ते कसे गेले, हेच मला सांगायचं आहे.

तो माणूस म्हणजे नाना. नव्वद सालच्या दिवाळीनंतर त्यांनी मला इंदापूरच्या बाजारातून आणलं. नाना कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, दार कधी बंद करायचं, हे त्यांचं काम. त्यांची मुलगी प्रियदर्शनी सहावीत होती आणि शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना चिकटवही करायला सांगितली होती. नानांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं ते इतकं करकचून, की घरी पोचेपर्यंत माझ्या पुठ्ठ्यावर दोरीचा वळ उठला. तिथूनच माझ्या रूपाचं जे व्हायचं ते सुरू झालं.

घरी सारजा होती. प्रियदर्शनीची आई. शाळेची पायरी तिनं कधी चढली नव्हती. पण मी घरात आले आणि प्रियदर्शनीपेक्षा तिलाच जास्त हौस आली. खुरपायला गेली की तिथून चित्रं आणायची. बियाण्याची पाकिटं, काड्यापेटीवरचे छाप, जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिकेवरचा मोर. शेजारणी हसायच्या. "सारजे, पोरगी शिकती का तू?" असं विचारायच्या. "दोगी बी," असं म्हणून ही मोकळी.

कुठलं चित्र कुठं लावायचं, यावरून मायलेकींची रोज जुंपायची. 'फळे' या पानावर सारजानं बियाण्याच्या पाकिटावरचं वांगं आणून ठेवलं.

"आई, वांगं फळ नसतं."

"मंग काय असतंय? झाडाला लागतंय न्हवं?"

'वाहतुकीची साधने' लिहिलेल्या पानावर तर तिनं पाण्यानं भरलेल्या कालव्याचं चित्र चिकटवलं. प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला. सारजा म्हणाली, "तुजं नाना जल्मभर ह्यातनं पानीच न्हेत्यात की. गाडी काय न्यारं करती?" नाना बाजूला भाकरी खात होते. त्यांना ते पान फार आवडलं होतं, हे मला पुढं कळलं.

आता खळीचं सांगते. सगळ्या मुलांनी कणकेची खळ केली. आमच्याकडं ज्वारीच्या पिठाची झाली आणि ती वाळली की तडकायची. चित्रं पापडासारखी सुटून यायची. त्या वेळी शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. सारजा तिथं कामाला जायची आणि येताना तांब्याभर काकवी आणायची. तिनं डोकं चालवलं. "काकवी बोटाला लागली तर धुऊनशानी निगत न्हाय. कागुद तर धरूनच ठिवंल," असं म्हणत तिनं खळीत पळीभर काकवी ओतली.

कागद धरून ठेवला, यात वाद नाही. ती तपकिरी खळ चित्राच्या चारी कोपऱ्यांतून बाहेर यायची आणि सारजा त्या प्रत्येक कोपऱ्यावर अंगठा दाबून धरायची. तोंडानं काहीतरी पुटपुटायची, मग अंगठा उचलायची. खळ वाळली की काचेसारखी कडक व्हायची आणि तिच्यात अंगठा जसाच्या तसा राही. तिच्या अंगठ्यावर खुरप्यानं कापल्याची एक तिरकी रेघ होती. ती रेघसुद्धा उठायची. असं पानोपानी.

"आई, अंगठं नको ना उठवू!" प्रियदर्शनी चिडायची.

"मंग कशानं दाबू? डोस्क्यानं?"

आणि मग मुंग्या आल्या. त्या येणारच होत्या. गोड खळ लावलेली वही कोनाड्यात ठेवल्यावर दुसरं काय होणार? लाल मुंग्यांची रांग थेट चुलीपासून माझ्यापर्यंत लागली. पपईचं देठ खाल्लं, विमानाचं शेपूट खाल्लं. घरातली सगळी पोट धरून हसली. सारजा सगळ्यांत जास्त हसली. मला तेव्हा राग आला होता. आता त्या हसण्याची इतकी आठवण येते, की मुंग्यांचाही राग येत नाही.

शाळेत मात्र कुणी हसलं नाही. बाईंनी मला दोन बोटांत धरलं, चार पानं उलटली आणि पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: 'अस्वच्छ. पुन्हा करावी.' प्रियदर्शनी रडत घरी आली. आईला तिनं ते वाचून दाखवलं. सारजाचं तोंड एवढंसं झालं. मग पदरानं लेकीचे डोळे पुसत म्हणाली, "करू की पुन्यांदा. उन्हाळ्यात मला काम नसतंय. दोगी मिळून नव्यानं करू. बिनकाकवीची."

त्या उन्हाळ्यात सारजाला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग बारामतीला दवाखान्यात नेलं. नाना तिच्यापाशी राहिले. परत आले ते तिला घेऊन नाही.

घरात तिचा धड फोटोही नव्हता. बारामतीला जाऊन स्टुडिओत काढू, असं दर वर्षी ठरायचं. नात्यातल्या एका लग्नात फोटो निघाला होता, त्यात ती होती, पण कुणाच्या तरी हाराआड निम्मा चेहरा गेलेला. सामान आवरताना नानांच्या हाती मी लागले. त्यांनी मला उघडलं, कालव्याचं पान काढलं आणि कोपऱ्यातल्या ठशावर आपला अंगठा टेकवला. नानांचा अंगठा मोठा, तिचा लहान. तिचा ठसा त्याखाली झाकून गेला. कितीतरी वेळ ते तसेच बसले.

तेव्हापासून तो त्यांचा नेमच झाला. कालव्यावरून दुपारी आले, की हात स्वच्छ धुवायचे, कोरडे करायचे आणि मला घ्यायचं. एक पान, एक कोपरा. कुणापाशी याबद्दल ते कधी बोलले नाहीत. प्रियदर्शनी तेव्हा शाळेत असे, पुढं शिकायला बाहेरगावी गेली. तिला हे कळणार कसं? आपल्याकडं बाप लेकीला बाजारातून बांगड्या आणून देतो, पण मला तुझ्या आईची आठवण येते, एवढं सांगायला त्याची जीभ उचलत नाही.

सत्त्याण्णव साली प्रियदर्शनी डी.एड.ला बारामतीला गेली. तिथं काय, चिकटवह्या, तक्ते, पुठ्ठ्याची घड्याळं, यातच सगळ्या मुली बुडालेल्या. कन्हेरीच्या शाळेत पाठ घ्यायला जाताना हिचे तक्ते बघून बाकीच्या मुली तोंडात बोट घालायच्या, इतका तिचा हात बसला. आणि मग तिला मी आठवले. सुट्टीत घरी आली, तेव्हा म्हणाली, "नाना, माझी ती सहावीतली चिकटवही नेऊ का?"

 मी नानांच्याच हातात होते. म्हणा ना, नको नेऊस म्हणा, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"न्हे की," नाना म्हणाले. "तुजीच हाय ती."

बारामतीच्या खोलीवर तिनं मला तिच्या मैत्रिणीला दाखवलं. रेश्मा कोऱ्हाळ्याच्या बागायतदाराची लेक, मनानं निर्मळ. "अगं, किती ते डाग!" असं म्हणून तिनं आपली नागमोडी धारेची कात्री काढून दिली. नवी वही आली, पांढऱ्या डिंकाची बाटली आली. प्रियदर्शनी लाल शाईच्या शेऱ्याकडं बघत म्हणाली, "आईनं कबूल केलं होतं गं, नव्यानं करू म्हणून. तिचं राहून गेलं. मी करते आणि नानांना नेऊन देते." तिचा आवाज इतका हळवा झाला होता, की तिच्यावर रागवायचं तरी कसं?

तिनं ओलं फडकं माझ्या पानावर ठेवलं. खळ फुगली. चित्र अलगद सुटून आलं. मग उरलेली खळ तिनं सुरीच्या पाठीनं खरवडून काढली. चार कोपरे, चार अंगठे. ती ते पुसून टाकत होती आणि मन लावून, प्रेमानं पुसत होती. बैलगाडी गेली, विमान गेलं, पपई गेली, वांगं गेलं. वांगं तर तिनं आता भाज्यांच्या पानावर लावलं. कालवा वाहतुकीच्या पानावरून काढून 'सिंचन' असं नवं पान करून तिथं नेला. चित्रांच्या कडा सारख्या कापल्या, खाली वळणदार अक्षरात नावं लिहिली. निम्मी वही झाली आणि परीक्षा आली. उरलेली घरी जाऊन करू, म्हणून तिनं आम्हा दोघींना पिशवीत घातलं.

मे महिना होता. नाना कालव्यावरून आले. त्यांनी सवयीनं हात धुतले, कोरडे केले. प्रियदर्शनीनं नवी वही त्यांच्या हातात दिली.

"आईचं राहिलं होतं ना, नाना. बघा."

नाना पानं उलटू लागले. "आक्षी छापल्यावानी केलीस गं," ते म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. मग कालव्याचं पान आलं. त्यांनी कोपऱ्यावर अंगठा टेकवला. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी दुसरा कोपरा बघितला, तिसरा बघितला. पान उजेडाकडं धरलं.

"हितलं काय झालं?"

"कुठलं?"

"ह्या कोपऱ्यातलं."

"ते खळीचे डाग होते, नाना. खरवडून काढले. बाईंनी अस्वच्छ म्हणून लिहिलं होतं ना."

 जुनी कुठं आहे, एवढंच नानांनी विचारलं. तिनं पिशवीतून मला काढलं. त्यांनी माझी पानं उलटली. चट्टा, चट्टा, चट्टा. असं करत करत ज्या पानाला अजून हात लागला नव्हता, तिथं पोचले. तिथं एक रेल्वे होती. त्यांनी लेकीचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं.

"ही रेघ लागती का हाताला? खुरपं लागलं हुतं तिला, त्याची हाय. डाग न्हाय बाई. अंगठा हाय तुज्या आईचा."

प्रियदर्शनीचा चेहरा मी बघितला. तो बघण्याआधी मुंग्यांनी मला सगळीच्या सगळी खाल्लं असतं, तर बरं झालं असतं.

"मी परत लावते, नाना," ती भडाभडा बोलू लागली. "तीच चित्रं लावते. जुन्याच जागेवर. तशीच खळ करते, ज्वारीची. काकवी घालते. चारी कोपरे दाबते."

"लाव की," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "पर त्यात तुजा अंगठा उठंल."

मग ती कोसळलीच. माझ्या उघड्या पानावर डोकं टेकून हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांत ती आईसाठी अशी रडली नव्हती. नानांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोनदा, तीनदा. आणि दुसऱ्या हातानं मला तिच्या तोंडाखालून हळूच ओढून घेतलं.

"हितं नगं रडू, बाई," ते म्हणाले. "खळ भिजती."

त्यानंतर पुन्हा मला कुणी नवी करायला घेतलं नाही. ती नवी वही तशीच निम्मी कोरी राहिली. प्रियदर्शनी तिच्याकडं बघतही नाही. घरी आली की ती माझ्याजवळ येते, पण हात लावत नाही, पदर सावरून लांबूनच बघते. मुंग्या अजून येतात. नाना त्यांना फुंकर घालून उडवतात, त्या फिरून येतात.

नाना अजूनही दुपारी हात धुऊन, कोरडे करून मला मांडीवर घेतात. चट्ट्यांची पानं भराभर उलटतात आणि रेल्वेच्या पानापाशी थांबतात. पण आता ते अंगठा टेकवत नाहीत. झिजेल म्हणून भितात. अंगठा कोपऱ्यापर्यंत आणतात, वरच्या वर धरतात आणि मागं घेतात.

नाना, मला बोलता येत नाही, म्हणून इथं सांगते. टेकवा हो. तुम्ही नाही टेकवला, तरी मुंग्या ते ठसे नेणारच आहेत. सारजानं ते कोपरे कुणी जपून ठेवावेत म्हणून दाबले नव्हते. झिजायचंच असेल, तर तुमच्या हातानं झिजू दे.