जवसाचा पहिला थेंब

"काका, आलं?"

"नाई जी, अजून नाई."

पोलादी नळकांड्यात जवस भरलेलं होतं आणि वरून यंत्राचा दट्ट्या सावकाश उतरत होता. तळाच्या भोकाला महिपतीने उजवी तर्जनी लावली होती. किती दाबाला तेलाचा पहिला थेंब सुटतो, ते मोजायचं. भोक यंत्राच्या बैठकीआड, डोळ्यांना न दिसणारं. म्हणून कर्वेनगरच्या या प्रयोगशाळेत बावीस वर्षं महिपतीच्या बोटाला थेंब लागायचा, तो "आलं!" म्हणायचा आणि मुलं पडद्यावरचा आकडा टिपून घ्यायची.

"तेरा झाले!" अवनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "महिन्यापूर्वी हेच जवस नऊला सुटत होतं. म्हटलं ना, साठवणीत दाणा निबर होतो. माझ्या प्रबंधात नवं काही असेल तर हेच, काका."

महिपतीने खाली पाहिलं. तेल मनगटावरून ओघळून त्याच्या बाहीत शिरत होतं.

सकाळी चहाचं पातेलं उतरवताना याच बोटावर फोड आला होता. तोही सुनेने, रुपालीने दाखवला तेव्हा कळला. साखर पायाला धरते, पाय बधिर होतात, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. हाताचं त्याने विचारलंच नव्हतं.

सोमवारी त्याचा अकरा महिन्यांचा करार पुढे चालू व्हायचा होता. हात पुसून "आलं" म्हटलं असतं, तर सगळं दाण्याच्या नावावर खपून गेलं असतं.

"मॅडम, मशीन थांबवा," तो म्हणाला. "दाना निबर नाई झाला. माहं बोट झालं."

अवनीने बाहीवरचा डाग पाहिला, मग फोड. "तीन आठवड्यांचे आकडे, काका?"

"सारे आकडे खोडा."

प्रयोगशाळेचे प्रमुख अनंत सर, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बोटाचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं होतं?" असं म्हणाले आणि स्वतःच चपापले. मग हळूच म्हणाले, "सोमवारी ऑफिसात येऊन जा, महिपती."

शनिवारी चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. भोकाखाली गाळणकागदाची पट्टी आणि करंगळीएवढा कॅमेरा. महिपतीने दाणे तोलून भरून दिले आणि हात पाठीशी बांधून मागे उभा राहिला.

"आलं," अवनीच म्हणाली. नऊ.

ती जेवायला गेल्यावर त्याने तेलकट पट्टीवर बोट टेकवलं. ओलं की कोरडं, समजेना. मग बोट नाकाशी नेलं. वर्ध्याच्या घरच्या जवसाच्या चटणीचा वास होता.

पुसायचं फडकं खांद्यावरच होतं. त्याने बोट पुसलं नाही.