अंजनीची पात

"कोण ते? कोण गुणगुणतंय?" बसवंत ओरडला.

कुणीच नाही. पंचेचाळीस पोरं तोंडं मिटून साळसूदासारखी त्याच्याकडं बघत होती आणि खोलीत मात्र मोहोळ उठल्यागत आवाज घुमत होता. तो पुढं गेला की आवाज मागं, मागं गेला की पुढं. मिटल्या तोंडानं घुमायची ही विद्या शिंपेवाडीच्या पोरांनी कुठनं पैदा केली होती देव जाणे, पण आठ दिवसांत तिनं बसवंतचं डोकं उठवलं होतं.

शिंपेवाडी निपाणीपासून दोन कोसांवर. देवळाला लागून एक खोली, तीच शाळा. बसवंत बेळगावला मास्तरकीच्या ट्रेनिंगात दुसऱ्या वर्षाला होता. पंधरा दिवस इथं शिकवायचं आणि शेवटी ट्रेनिंगचे साहेब येऊन त्याचा पाठ बघणार. साहेब पास म्हणाले तर मास्तर, नाहीतर घरचं औत. गेल्या साली त्याचा पाठ एकदा बुडाला होता. आता बुडाला तर त्याच शाळेत एक फेरपाठ, तोही बुडाला की नाव कटणार होतं. येळ्ळूरला थोरल्या भावानं, भरमूनं, चौथीतून शाळा सोडून नांगर धरला होता, तो धाकट्यानं शिकावं म्हणून. त्या भावाला काय तोंड दाखवायचं, या विचारानं बसवंतला अन्न गोड लागत नव्हतं.

दारात आण्णाप्पा मास्तर खाकरले. शाळेचे कायमचे मास्तर ते. नुसते खाकरले आणि खोली चिडीचूप.

"वली निर्गुडी घ्या हातात, बसवंतराव," तंबाखू मळत ते म्हणाले. "एक वळ उठला की समदी गाणी बंद."

"ट्रेनिंगात मनाई आहे, मास्तर. हातात छडी दिसली की साहेब नापास करतात."

"मग त्या सायबालाच सांगा की गप करायला!"

बसवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षकाच्या नजरेत जरब असावी, असं पुस्तकात छापलं होतं. लिहिणाऱ्याचं काय जातंय! त्याच पुस्तकाबरहुकूम त्यानं हुशार पोरं पुढं आणि ढ पोरं मागं बसवली होती. पुढची पोरं झटक्यात गणित सोडवायची आणि चिमटे काढत बसायची. मागच्यांना गणित सुटायचंच नाही, म्हणून तीही तेच करायची. मागच्यांचा राजा मष्णू. मिसरूड फुटायला आलेलं आणि तिसरीतलं तिसरं वर्ष, कारण तंबाखूच्या रानात काम निघालं की याची शाळा बंद.

दुसऱ्या दिवशी तर निम्मी शाळाच गायब. बसवंत तणतणत रानात गेला. भादव्याचं ऊन काळ्या जमिनीतनं वर येत होतं. तंबाखूच्या कोवळ्या रोपांत तण काढायची भांगलण चालली होती. बायकापोरं ओळीनं खुरपी घेऊन वाकलेली, आणि काठाच्या पातीवर चंपाबाई. प्रत्येकानं धरलेला पट्टा म्हणजे त्याची पात. टोळी चंपाबाईच्या हाताखाली चालायची आणि बसवंतची भाकरीही तिच्याच घरी होती.

"चंपाक्का, पोरांना शाळेला सोड. शनिवारी साहेब येणार."

"तन शनवारपतोर थांबतंय व्हय?" ती मान वर न करता म्हणाली. "घाई हाय तर धर एक पात. लौकर उरकंल."

शेतकऱ्याचं पोर, नाही कसं म्हणणार? त्यानं धोतर खोचलं आणि वाकला. पण दोन वर्षं टाक धरलेला हात तो! पाच-सहा हात जातोय तोवर कंबर भरून आली आणि रांग पुढं निघून गेली. आता पोरं हसणार म्हणून त्यानं दात आवळले. कुणी हसलं नाही. उजवीकडच्या मष्णूनं बोलता बोलता खुरपं लांब करून त्याच्या पातीतलं तण काढलं. डावीकडच्या बाईनंही काढलं. रांग पुन्हा सरळ झाली.

"कच्चा गडी दोन पक्क्यांच्या मधी घालावा," चंपाबाई म्हणाली. "म्हागं ऱ्हायल्याला यकटा सोडला की त्यो रोपं मोडतोय. आन समद्यांच्या पाती बांधाला लागल्याबिगार पानी प्याला कुनी उठायचं न्हाय. म्हाईत न्हाय व्हय रं तुला?"

माहीत नसायला काय झालं? आईच्या मागनं हीच पात धरत तो वाढला होता. बेळगावला गेला आणि इसरून बसला. त्याला स्वतःचा असा राग आला की त्यानं उरलेली पात एका दमात काढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्ग मोडला. एका ओळीत पाच पोरं. काठाला पक्का, कच्चा दोन पक्क्यांच्या मधे. मष्णूला एका ओळीचा म्होरक्या केलं, कारण तो गणितात कच्चा असला तरी रांग हाकण्यात पक्का होता. त्याच्या शेजारी अंजनी. शाळेत दोनच पोरी, त्यातली ही. हिला हातच्याचं गणित काही केल्या सुटायचं नाही.

"पाच पाट्या झाल्याशिवाय ओळ उठायची नाही," बसवंत म्हणाला. "उत्तर सांगायचं नाही. कसं करायचं ते दाखवायचं."

पहिल्या दिवशी गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी जरा कमी. शुक्रवारी वर्गात फक्त पाट्यांवरच्या पेन्सिली आणि हळू बोलणं. खाकरायला आलेले आण्णाप्पा मास्तर न खाकरता परत गेले.

शनिवारी साहेब आले. काळा कोट, हातात वही. बसवंतनं फळ्यावर गणित घातलं: एका वाफ्यात चोवीस रोपं, तर अठरा वाफ्यांत किती? पोरं एकमेकांकडं वाकली. मष्णूच्या पलीकडचा पोरगा त्याला हातचा दाखवत होता आणि मष्णू तोच अंजनीला दाखवत होता. तिची पाटी निम्मी झाली होती.

"हे काय?" साहेब गरजले. "ही मुलगी नक्कल करते आहे!" त्यांनी अंजनीची पाटी उचलली आणि हातानं पुसून टाकली. "बाजूला व्हा. वर्ग कसा सांभाळतात ते मी दाखवतो."

बसवंत भिंतीला लागला. झालं, संपलं सगळं.

साहेबांनी फळ्याकडं तोंड केलं आणि खोलीत घुमायला लागलं.

"कोण ते?" साहेब वळले. सगळी तोंडं मिटलेली. ते मागं गेले तर आवाज पुढं, पुढं आले तर मागं. साहेबांची मान लाल झाली, कोटाचं बटण सुटलं, डस्टर आपटला. आवाज वाढतच गेला. शेवटी त्यांनी बसवंतकडं बघितलं.

"मष्णू," बसवंत हळूच म्हणाला, "पात धर."

आवाज तुटला. पोरं पाट्यांवर वाकली.

साहेबांनी वहीत भराभरा लिहिलं, कागद फाडून बसवंतच्या हातात कोंबला आणि टांग्यात जाऊन बसले. आण्णाप्पा मास्तरांनी कागद वाचला आणि पोट धरून हसले.

"बघा काय लिवलंय. 'वर्गावर ताबा: वाईट.' आन खाली, 'पास. या शाळेत पुन्हा पाठ नको.' आवो, तुमाला नापास केलं तर त्यास्नी पुन्यांदा हितं यावं लागलं असतं!"

पण बसवंतला हसू येईना. पास झाला, भावाला तोंड दाखवायची सोय झाली, सगळं खरं. तरी तो 'वाईट' त्याला सलत राहिला. पंधरा दिवस जिवाचं रान केलं, आणि बघणाऱ्यानं बघितलं काय, तर पोरं वाकून बोलतात! देवळापुढं तो किती तरी वेळ तो कागद चुरगाळत उभा राहिला. सुट्टीची घंटा कधीच झाली होती.

कुलूप घालायला तो शाळेत आला. चार ओळी पाट्या पुऱ्या करून सुटल्या होत्या, बाकीच्या अजून पाट्यांवर वाकलेल्या होत्या. सुटलेल्या ओळीही घरी गेल्या नव्हत्या, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

"सुट्टी झाली की रं," बसवंत म्हणाला. वर्गात तो पहिल्यांदाच असं घरचं बोलला. "घरला जावा."

मष्णूनं मान वर केली नाही. त्याचं बोट अंजनीच्या पाटीवर हातच्यापाशी होतं.

"जातो की गुर्जी," तो म्हणाला. "अंजनीची पात ऱ्हायलीया."