कोटाला भेटायची वेळ

आमचं पिल्लू जन्मल्यापासून एकाच गोष्टीवर झोपत आलं: सासूबाईंच्या फरच्या कोटावर. ऐन थंडीतला जन्म, आणि घरातली सगळ्यात उबदार वस्तू तीच. कुणीतरी सहज त्याला कोटावर ठेवलं आणि ते असं गाढ झोपलं, की पुन्हा उचलायची कुणाची हिंमत झाली नाही. सासूबाई त्या कोटाला पोटच्या पोरासारखं जपत. नातवंडासाठी त्यांनी तो पलंगावर अंथरू दिला खरा, पण रोज सकाळी फरवरून हात फिरवून आधी त्याची चौकशी करत, मग पिल्लाची.

उन्हाळा आला आणि कोट जायची वेळ झाली. उन्हाळ्यात फर घरात ठेवली तर कसर लागते. ती फरवाल्याच्या थंड खोलीत ठेवायची आणि थंडी पडली की घरी आणायची, हे सासूबाईंचं वर्षानुवर्षं ठरलेलं. यंदा राहू दे का, असं मी दबकत विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पिल्लाला दोरीवर वाळत घालायला निघाले होते. नवरा कोट मांडीवर घेऊन टॅक्सीत बसला. ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर छत्रीही धरली.

त्या दिवसापासून पिल्लू झोपेना. डोळा लागायचा, की थोड्याच वेळात दचकून रडत उठायचं. आम्ही टॉवेल अंथरून पाहिला. फरचं अस्वल आणलं, त्याची फर नकली निघाली. नवऱ्याने दाढी वाढवली आणि पिल्लाला गालाशी घेऊन पडून राहिला. झोपला तो एकटाच. मी शिकलेली बाई, म्हणून शब्दकोश उघडला. इंग्रजीत जिभेवरच्या पांढऱ्या थरालाही फर म्हणतात, आणि किटलीच्या आत साचणाऱ्या क्षारांच्या पुटालाही. मी पिल्लाची जीभ तपासली, मग किटलीत बॅटरी मारून पाहिली. फर दोन्हीकडे थोडी थोडी होती. झोप कुठेच नव्हती.

शेवटी पिल्लाला उचललं आणि फरवाल्याचं दुकान गाठलं. सासूबाईंना न विचारता कोट परत मागायची माझी छाती नव्हती, म्हणून नुसतं भेटायला आले आहे असं सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि भेटायची वेळ आताच सुरू झाली आहे म्हणाला. आत मोठ्याने बोलायचं नाही, आणि दोन कोटांच्या मध्ये उभं राहायचं नाही. त्यांना मोकळं लागतं.

आत आधीच मंडळी बसली होती, सगळी स्वेटर आणि कानटोप्या घालून. एक आजी गळ्याभोवती गुंडाळायच्या फरच्या पट्ट्याला मांडीवर घेऊन विंचरत होत्या. एक निवृत्त गृहस्थ आपल्या टोपीला हळू आवाजात पेपर वाचून दाखवत होते. मी स्टूल ओढून आमच्या कोटाजवळ बसले आणि त्याची बाही पिल्लाच्या गालाखाली घेतली. पिल्लू झोपलं. मीही भिंतीला डोकं टेकलं.

मग रोजच जायला लागले. भर उन्हात लोकरीची टोपी घातलेली बाई पाहून लोक रस्ता सोडून बाजूला व्हायचे. मला त्याचं काही नव्हतं. निदान तेवढा वेळ पिल्लू झोपत होतं. फरवाला मात्र कुरकुरायला लागला. बाळाचा श्वास ओला असतो, बाहीचे केस एकमेकांना चिकटायला लागलेत, म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. त्याने तोडगाही काढला.

"असं करा, बाळाला इथेच ठेवून जा. हवा कायम एकसारखी, कसर लागायची भीती नाही. थंडी पडली की दोघांना सोबतच न्या."

हे मी घरी हसण्यावारी सांगितलं. नवऱ्याने तांबारलेले डोळे चोळत विचारलं, "हँगर लाकडी आहे का तारेचा?"

सासूबाईंच्या कानावर एवढंच पडलं, की कोटाची बाही चिकटते आहे. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. शाल घट्ट लपेटून समोर बसल्या आणि बघत राहिल्या: आधी कोटाकडे, मग पिल्लाकडे, आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

"कोट पिल्लाला लागत नाही गं," त्या म्हणाल्या. "तुला लागतो."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, की घरी ते झोपलं की मी काय करते.

काय करणार? श्वास चालू आहे ना, ते बघते. नाकाखाली बोट धरते. बोटाला कळलं नाही तर आरसा धरते. आरशावरही भरवसा वाटला नाही, तर जरासं हलवते.

"आणि इथे?"

इथे मी काहीच करत नव्हते. पिल्लाच्या नाकासमोर फरचे बारीक केस वाकत होते आणि परत उभे राहत होते. मी तेवढंच बघत बसायचे. पिल्लाला हात लावायची गरजच पडत नव्हती.

सासूबाईंनी फरवाल्याकडे कात्री मागितली. एखादा दोरा कापायचा असेल असं समजून त्याने दिली. त्यांनी कॉलर उलटी केली, त्याखाली एक फुंकर मारली आणि अंगठ्याएवढा तुकडा कापून घेतला.

अख्खी खोली उठून उभी राहिली. आजींनी आपला पट्टा पदराखाली घेतला. निवृत्त गृहस्थांनी टोपीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. फरवाला हँगरला धरून खाली बसला.

"दुखलं नाही त्याला," सासूबाई सगळ्यांना म्हणाल्या. पण कॉलर त्यांनी दोनदा सारखी केली, आणि निघताना मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी पिल्लाला साध्या चादरीवर झोपवलं आणि फरचा तुकडा चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नेला. केस वाकले. उभे राहिले. पुन्हा वाकले. पिल्लू झोपूनच होतं. मी बघत राहिले, बघत राहिले, आणि पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती ओठाला गुदगुल्या झाल्या म्हणून. डोळे जरासे किलकिले केले, तर ऊन खिडकीतून पार पलंगापर्यंत आलं होतं. पिल्लू शेजारी घोरत होतं. फरचा तुकडा माझ्या नाकाखाली होता. तो धरून सासूबाई माझ्यावर वाकल्या होत्या, पापणीही न हलवता. त्यांच्या मागून नवरा दबक्या आवाजात विचारत होता, "हलतेय का?"

"हलतेय," सासूबाई कुजबुजल्या. "हात लावू नकोस तिला."

मी किलकिले डोळेही मिटून घेतले.