आईसाठी घेतलेली रॅकेट

मित्रांनो, नलूच्या घरी दारामागच्या खिळ्यावर जी लाकडी रॅकेट लटकते, ती मी. घरी येणारी मुले मला खाली काढतात, हवेत दोन-तीनदा फिरवतात आणि पुन्हा अडकवून ठेवतात. कोणाची होती, असे आजवर एकाही मुलाने विचारलेले नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म जालंधरचा. फाळणीत सियालकोट सोडून आलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून त्याने त्या साच्याभोवती वाकवल्या, एकमेकींना चिकटवल्या आणि कितीतरी दिवस तशाच बांधून ठेवल्या. मग चौकटीत जाळीची तात ओवली. शेवटी त्याने बोटाने ती छेडली, कान लावून ऐकली आणि मान डोलावली. एवढ्या मायेने मला पुन्हा फक्त एकाच माणसाने हात लावला.

मुंबईत धोबी तलावाजवळच्या एका दुकानात मी काचेआड पडून होते. ते १९५६ साल. त्या वर्षी दिवाळी आली ती द्विभाषिक राज्य घेऊनच. रस्त्यावर जो तो चिडलेला. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी फणसवाडीतली दोन भावंडे दुकानात शिरली. माधव नुकताच एका कचेरीत नोकरीला लागलेला. नलू पंधरा वर्षांची, शाळेतली. आत येतानाच त्यांचा वाद चालला होता.

"पहिल्या पगाराचं आईला लुगडंच घेतात, नलू."

"लुगडं अण्णा घेतातच पाडव्याला. तिला रॅकेट हवीय."

"ती बोलली तसं?"

"ती कधी बोलणारे? बकुळामावशीची रॅकेट परत द्यायच्या आधी ती किती वेळ पुसत बसते, ते कधी बघितलंयस?"

दुकानदाराने विचारले, "खेळणाऱ्याचं वय काय?"

"चाळीस," नलू म्हणाली. "आमच्या आईसाठी पाहिजे."

दुकानदाराने हसत आधी उड्या मारायची दोरी पुढे केली. मग लहान मुलांची एक हलकी रॅकेट. नलूने दोन्ही बाजूला सारल्या. "तिचा फटका जोरात असतो. ही दोन दिवसांत मोडेल." माधवला लाल-सोनेरी रंगाची एक आवडली. नलूने ती बोटावर तोलून पाहिली. "तोंडाशी जड आहे, दादा. आईचा खांदा दुखेल." मग तिने कंपासपेटीतून एक दोरा काढला. बकुळामावशीच्या रॅकेटची मूठ आईला जाड पडते, म्हणून आईच्या मुठीत नेमके काय बसते ते नलूने लाटण्यावर मोजून आणले होते आणि दोऱ्याला तिथे गाठ मारली होती.

तेव्हा कुठे दुकानदार हसायचा थांबला. त्याने मला काचेतून काढले. दोरा माझ्या मुठीभोवती फिरला आणि त्याचे टोक नेमके गाठीला टेकले.

"हीच," नलू म्हणाली.

दुकानदाराने माझ्याबरोबर चार स्क्रूंची एक लाकडी चौकट दिली. तिला प्रेस म्हणतात. "मुंबईची हवा दमट आहे, बाळ. खेळ झाला की हिला यात घालायचं नि चारी स्क्रू सारखे आवळायचे. नाहीतर लाकूड फिरतं, वाकडं होतं." पैसे माधवने दिले, अगदी ऐटीत. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी तो मुलगा मला फार आवडला होता.

त्यांच्या आईने, मृणालिनीने, मला पाहिले तेव्हा तिचे हात करंजीच्या पिठाने भरलेले होते. तिने ते धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग मला हातात घेतले.

"माझी?" तिने विचारले.

"तुझीच," माधव म्हणाला. "आता कोणाची मागून आणू नकोस."

तिचे यजमान अण्णा पेपरातली कात्रणे कापत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "चला, आता स्वयंपाकाला सुट्टी वाटतं!" सगळे हसले. मृणालिनीही हसली. लग्नाआधी ती शाळेच्या मैदानावर खेळत असे. सतराव्या वर्षी लग्न झाले आणि खेळ माहेरीच राहिला. नलू मोठी झाल्यावर चाळीतल्या बायकांनी चौकात बॅडमिंटनचे जाळे बांधले, तेव्हा तेवीस वर्षांनी तिने हात उचलला होता, तोही दुसरीच्या रॅकेटने.

त्यानंतरचे सव्वा वर्ष हाच माझ्या आयुष्यातला खरा काळ. दुपारची आवराआवर झाली की चारच्या सुमारास ती निऱ्या वर खोचायची, पदर कमरेला आवळायची आणि अनवाणी चौकात उतरायची. चुन्याच्या रेघा नलू आखायची. पिसांचे फूल वर गेले की मृणालिनी एक पाऊल मागे घ्यायची, क्षणभर थांबायची, आणि मग असा फटका हाणायची की समोरची बाई फुलाकडे नुसती बघत राहायची. शेजारची बकुळा म्हणायची, "मृणालिनीताई, जरा हळू! मला घरी जाऊन पोळ्या लाटायच्यात." साडेपाचला पुरुषमंडळी परतायच्या आत खेळ संपायचा. मग ती मला मऊ फडक्याने पुसायची, प्रेसमध्ये घालायची आणि चारी स्क्रू एकामागून एक, थोडे थोडे आवळायची.

सत्तावन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी बायकांचा मोठा मोर्चा निघाला. मृणालिनी पहिल्या रांगेत होती. गिरगावातून निघाली ती घसा बसेपर्यंत घोषणा देत, उन्हात मैलोगणती चालली. अण्णांनी कचेरीत सगळ्यांना सांगितले. माधवने तर मित्रांना घरी आणले. "आमची आई. झेंडा हिच्याच हातात होता," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच वर्षी वाडीच्या स्पर्धेत तिने आणि बकुळाने दादरच्या दोन कॉलेजकन्यकांना हरवले. तेव्हाही नलूने टाळ्या पिटल्या, शेजारणींनी पिटल्या. माधव गॅलरीत उभा होता. त्याने खाली चौकाकडे पाहण्याआधी समोरच्या गॅलऱ्यांकडे पाहिले. कोण कोण बघते आहे, ते. मी हे पाहिले. मृणालिनीने पाहिले नाही, कारण ती घाम पुसत हसत होती.

अठ्ठावन सालच्या आरंभी माधवसाठी दादरची एक मुलगी सांगून आली. तिचे नाव लक्ष्मी. मध्यस्थ होते अण्णांचे लांबचे नातेवाईक दौलतराव. एका दुपारी, आगाऊ न कळवता, ते मुलीच्या वडिलांना घेऊन वाडीत आले. चौकात डाव रंगला होता. मृणालिनीने नुकताच उडी मारून फटका मारला होता. केस सुटलेले, निऱ्या वर खोचलेल्या, पाय धुळीने माखलेले. दौलतराव ओरडले, "अहो वहिनी, पाहुणे आलेत!"

तिने मला खाली ठेवले, पदर सोडला, हात जोडले. चहा केला. पाहुणे थोडा वेळ बसून गेले.

दोन दिवसांनी दौलतराव एकटे आले. "मंडळींना घर जरा मोकळं वाटलं," ते म्हणाले. "होकार लगेच दिला नाही. स्पष्ट नाही बोलले. पण माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं ना."

ते गेल्यावर माधवचा स्वर चढला. "आई, तुला चारच वाजता उतरायचं होतं खाली?"

"मी रोजच उतरते, माधव. ते येणार हे मला कुठे ठाऊक होतं?"

"रोज उतरतेस, तेच म्हणतोय मी! सून यायची वेळ झाली घरात. लोक काय म्हणतात ते तुला ऐकू येत नाही, मला येतं."

नलू मध्ये पडली. "दादा, रॅकेट तूच आणलीस ना?"

"आणली. म्हणून काय आयुष्यभर नाचायचं?"

अण्णांनी कात्री खाली ठेवली. ते काही बोलतील असे वाटले. त्यांनी कात्रण उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "लग्न होईपर्यंतचाच तर प्रश्न आहे. तेवढं बाजूला ठेव."

मृणालिनीने मला पुसले, प्रेसमध्ये घातले, स्क्रू आवळले आणि कपाटामागे ठेवले. लग्न ठरले, मे महिन्यात झाले. मी वाट पाहत राहिले. लग्नानंतर सणवार आले, मग लक्ष्मीचे पहिले बाळंतपण. मधे एकदा अण्णा कपाटामागे काही शोधत आले. त्यांच्या कात्रणांचा गठ्ठा फुगू लागला होता. त्यांना प्रेस दिसली. त्यांनी स्क्रू सोडले, मला काढून खिळ्याला अडकवले आणि महाराष्ट्राच्या लढ्याची कात्रणे प्रेसमध्ये छान सपाट दाबून ठेवली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. एवढ्यासाठी त्यांनी कोणाला विचारायचे असते, हेच मुळी त्यांच्या मनात आले नाही.

बाहेर समुद्रावरून दमट वारा यायचा. माझ्या खिळ्याची भिंत ओलसर. माझ्या कडा हळूहळू फिरू लागल्या. दुखत नाही हो त्याने. नुसते समजते.

पुढल्या वर्षी एका दुपारी लक्ष्मी केर काढता काढता माझ्यापाशी थांबली. "आई, हीच का ती रॅकेट? आमचे बाबा अजून सांगतात. त्या दिवशी घरी आले नि म्हणाले, मुलाची आई काय खेळते! असल्या घरात पोरगी हसतमुख राहील."

मृणालिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "ते असं म्हणाले?"

"हो. खोळंबा झाला तो पत्रिकेपायी. दौलतमामांनी नाही सांगितलं?"

संध्याकाळी माधव आला तेव्हा मृणालिनीने त्याला हे सगळे सांगितले. शांतपणे सांगितले. त्याने बूट काढले, मोजे काढले, बराच वेळ घेतला.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता जुनं कशाला उकरायचं?"

"उकरत नाही. उद्यापासून खाली जाते, एवढंच सांगतेय."

"आई, आता तू आजी झालीस. माझे साहेब गिरगावातच राहतात. राहू दे ना."

मित्रांनो, तेव्हा मला कळले की पाहुण्यांची नुसती सबब होती. लाज त्याचीच होती, पहिल्यापासून. मला वाटते, मृणालिनीलाही ते तेव्हाच कळले. परक्यांसाठी तिने खेळ सोडला होता, ते तिने सोसले होते. हे मात्र पोटच्या मुलाचे होते. ती तांदळाचे ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेपाच वाजले. ती खाली उतरली नाही.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. वाडीत तोरणे, पेढे, सनई. माधवने चौकात भाषण केले आणि त्यात आपल्या आईचे नाव घेतले, मोर्चात चालली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बायकांचे खेळ ठेवले होते. जाळे बांधले गेले. नलू घरात धावत आली, तिने मला खिळ्यावरून ओढले आणि आईच्या हातात दिले.

"आज नाही म्हणायचं नाही. आज कोणाची टाप आहे तुला अडवायची?"

बकुळा खाली उभी राहून हाका मारत होती. मृणालिनीने निऱ्या खोचल्या. दोन वर्षांनी तिचा तळवा माझ्या मुठीवर आला, आणि मला रडू आले असे तुम्ही समजलात तरी चालेल. ती चौकात उतरली. फूल वर गेले. ती एक पाऊल मागे आली, क्षणभर थांबली. वेळ अचूक होती, पाऊल अचूक होते, हात तसाच वीज होऊन खाली आला. फूल आडवे गेले आणि गॅलरीच्या कठड्यावर आपटले.

लोक हसले. प्रेमानेच हसले. तिने पुन्हा मारले. पुन्हा आडवे. तिसऱ्यांदा फूल जाळ्यात अडकले. कोणीतरी वरून म्हणाले, "काकू, आता नातवाला खेळवा!" तो आवाज माधवचा नव्हता. पण माधव हसत होता.

मृणालिनीने मला खाली घेतले आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. उताणा केला, पालथा केला. "माझा हात गेला, नलू," ती म्हणाली.

नलूने मला हिसकावून घेतले, डोळ्यासमोर आडवे धरले. तिचा चेहराच उतरला. "आई, हात नाही गेला. ही बघ, रॅकेट वाकडी झालीय. अण्णांनी प्रेस काढली हिची! बकुळामावशी, तुझी दे गं हिला."

बकुळाने आपली रॅकेट पुढे केली. मृणालिनीने ती घेतली नाही.

"राहू दे. माझी समजूत नको घालूस," ती नलूच्या गालाला हात लावून म्हणाली. "वय व्हायचंच कधीतरी." तिने पदर सोडला, केस सारखे केले आणि पेढे वाटायला गेली.

त्यानंतर ती कधी खेळली नाही. पुढल्या वर्षी नलूचे लग्न झाले. निघताना तिने मला मागून घेतले. मृणालिनी म्हणाली, "ने. मला काय करायचीय?" सासरी आल्यावर नलूने मला दाबून सरळ करायचा पुष्कळ प्रयत्न केला. लाकूड एकदा फिरले की परतत नाही. आईला पटवायचाही तिने पुष्कळ प्रयत्न केला. मृणालिनी दर वेळी हसायची आणि विषय बदलायची. सत्तराव्या वर्षी ती गेली, ती आपला हात चाळिशीतच गेला होता असे मानून.

मित्रांनो, वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. तेही करा, लाकूड कोरडे ठेवा, तात ओली होऊ देऊ नका. पण माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही कधी तुमच्या आईसाठी काही घ्याल. दोऱ्याला गाठ मारून, मुठीचे माप नेऊन, अगदी मनापासून घ्याल. मग दिल्यावर ते तिचे असू द्या. "थोडे दिवस बाजूला ठेव" हे शब्द बोलायला सोपे असतात. आई ऐकते. ती वस्तू खरोखरच बाजूला ठेवते, आणि मग कोणी कितीही विनवले तरी पुन्हा उचलत नाही.