खुंटाचं पान

पालेगावात रखमाबाईंच्या अंगणात गुलाबाची चार झाडं होती. तीन गावठी, त्यांच्या सासूनं गुलकंदासाठी लावलेली. चौथं त्या गावठींचंच लेकरू: पाकळ्या बेचाळीस, वास आईचा, रंग मात्र गडद. रखमाबाईंचे यजमान सदू कंपनीच्या कॉलनीत माळी होते. साहेबाच्या लाल गुलाबाचे पराग गावठीला लावून त्यांनी ते तयार केलं होतं.

रखमाबाईंचं म्हणणं, हाच गुलाब बदलापूरच्या सुयोग नावाच्या नर्सरीवाल्याकडे तीस कुंड्यांत होता. पाटी: 'आमच्या वडिलांनी तयार केलेली जात.' महिनाअखेरीच्या पुष्पप्रदर्शनात त्याला सदूंचं नव्हे, सुयोगच्या वडिलांचं नाव मिळणार होतं.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. रखमाबाईंच्या सांगण्यावरून दोन्हीकडची पानं आणून डीएनए तपासला. चौदा खुणांपैकी तीनच जुळल्या; जात एकच असती तर चौदाही जुळल्या असत्या.

रखमाबाई पाकळ्या निवडत होत्या. ऐकून त्यांनी परात बाजूला सारली.

"म्हंजे माजा नवरा खोटा?"

"आजी, मी नाही, तपासणी म्हणते."

"तपासनीला तोंड हाय काय? बोलतेस तूच. एवढी शिकलीस नी झाड वळखता येत नाय? जा, त्या सुयोगसाठी टाळ्या वाजव."

घरी येऊन वही उघडली. नर्सरीतल्या पानापुढे मीच लिहिलं होतं: पर्णिका सात. सदूंच्या झाडाला पाच असतात.

नर्सरीत कलम करताना रानगुलाबाच्या मुळासकटच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे अंकुर, भरतात. डोळ्याच्या खाली जे फुटतं, ते खुंटाचं. पान तोडताना सुयोग म्हणाला होता, "वरचं नको मॅडम, शो जाईल. खालून घ्या ना." आणि मी घेतलं होतं. तपासला होता तो रानगुलाब.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्सरी गाठली.

"खालचं पान खुंटाचं आहे, हे तुला माहीत होतं."

"चिडताय कशाला? एम.एस्सी. तुम्ही, मी बारावी फेल. तोडलं कोणी?"

ते खरं होतं, म्हणून डोकं आणखी फिरलं. सगळ्यात मोठ्या फुलाच्या देठावरचं पान मी तोडलं.

"ओ! प्रदर्शनाचं आहे ते!"

"म्हणूनच."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी निकाल हातात आला. सुयोगचं झाड आणि सदूंचं झाड: चौदापैकी चौदा खुणा सारख्या. आणि त्या झाडाची गावठी आई रखमाबाईंच्याच अंगणात होती.